चौदाचा फरक

निकालाच्या संध्याकाळी दगू कोठुळे दारात उभा,
कपाळापासून कानापर्यंत गुलाल,
आणि बोलला काय, तर
"शिडी रिकामी आहे का?"

दोन महिने बोललो नव्हतो आम्ही.
रंगपंचमीला एकाच रहाडीत धप्पा मारलेला,
दोघांच्या नखांतला रंग गेला नव्हता,
तेवढ्यात टपरीवर तो मला विकला गेलेला म्हणाला,
मी त्याला आंधळा.
मुनाफ कोकणीनं त्या चहाचे पैसे घेतले नाहीत.
भांडण संपलं की द्या, म्हणाला,
आणि वहीत लिहून ठेवले.

मतदानाला बूथवर बाक एकच होता,
तिसरीच्या पोरांचा.
मी आमच्या पक्षाचा एजंट, तो त्यांचा.
दिवसभर गुडघ्याला गुडघा लागत होता.
त्याच्या घरून डब्यात वांग्याचं भरीत आलं,
वासानंच ओळखलं, वहिनींच्या हातचं.
मी भिंतीवरचा बेरीज-वजाबाकीचा तक्ता वाचत बसलो.

आज अंबडच्या गोदामात, जाळीपलीकडं,
आमच्या शाळेचं यंत्र उघडलं.
खोली चार. त्यांचे तीनशे एक, आमचे दोनशे सत्त्याऐंशी.
दिल्लीचे आकडे लाखांत असतात, ते मला नीट दिसत नाहीत.
चौदा दिसतात.
सकाळी गिरणीपुढं दळणाचे डबे असतात तेवढे.

परतताना द्वारकेच्या सिग्नलला
मी त्या चौदा जणांना शोधायला लागलो.
ज्यांच्या घरची वायरिंग मी केली,
ज्यांच्या पोरीच्या लग्नात माळा सोडल्या, उधारीवर,
एकेकाला मनात उभं करून विचारलं,
तू होतास का? तू?
रिक्षा भद्रकालीत पोचेपर्यंत
सगळी गल्ली गुन्हेगार झाली होती,
आणि मला माझीच शिसारी आली.

तर शिडी.
बावीस फुटी, ॲल्युमिनियमची, खालचं एक रबर झिजलेलं.
देऊन दार लावता आलं असतं.
पण रस्त्यावर पाकळ्यांचा चिखल, वर दगूचं वजन,
आणि ते झिजलेलं रबर फक्त मला ठाऊक.
म्हणून धरून उभा राहिलो
त्यांच्या साहेबांच्या विजयाचा फ्लेक्स चढत असताना.

वरून गुलाल गळत होता माझ्या चष्म्यावर.
समोरून आमचाच ऋग्वेद गेला, पाहिलं न पाहिल्यासारखं.
त्यांच्यातलं एक पोरगं ओरडलं,
"काका, जिरली ना? आता तरी या आमच्यात!"
सगळे हसले.
दगू वरूनच गरजला,
"गप ए! माझा जीव त्यांच्या हातात आहे."

ढोलवाल्यानं टिपरू थांबवलं क्षणभर.

तेवढ्या उंचीवरून
माझी गॅलरी दिसते.
गॅलरीत दोन पोती गुलाल, न उघडलेला,
फटाक्यांची दहा हजारांची लड,
आणि पाच किलो पेढे, मिठाईवाला परत घेत नाही म्हणून
ओल्या फडक्याखाली.
दगूनं पाहिलं. मला कळलं, त्यानं पाहिलं.
बोलला नाही.
बांधलेली दोरी सोडली,
"इथं वारा लागतो," म्हणाला,
आणि फ्लेक्स पुढच्या खांबावर नेला.
माझी खिडकी सुटली.

अभिनंदन हा शब्द घशापर्यंत आला होता,
कच्च्या सुपारीसारखा तिथंच बसला.
मी म्हणालो,
"वरची गाठ दुहेरी मार. एकेरी सुटते."
तो म्हणाला, "हं."

पेढे शेवटी मीच वाटले,
ढोलवाल्यांना, बंदोबस्ताच्या पोलिसांना,
त्या ओरडणाऱ्या पोराला दोन.
कशाचे, कुणी विचारलं नाही.

सकाळी शिडी दारात होती, पुसून ठेवलेली.
खाली नवं रबर.
मधल्या एका पायरीच्या खाचेत लाल राहिलंय,
ते मी काढलं नाही.

मुनाफच्या वहीत
एप्रिलचे दोन चहा अजून तसेच आहेत.
काल मी पाकीट काढलं, दगूनंही काढलं,
कोण आंधळा इथवर बोलणं पुन्हा आलं,
आणि मुनाफनं वही मिटली.