वैयक्तिक संवाद

सतरावा संदर्भ परत आलाय : पृष्ठक्रमांक नाहीत.
तेविसाव्यात सालानंतर पूर्णविराम, हवा होता अर्धविराम.
बुरशीचं नाव तिरप्या अक्षरांत,
"आणि इतर" मात्र सरळ. का, ते विचारायचं नाही.

गंगापूर रोडवर रात्रीचे दोन.
मी दोन कुलकर्ण्यांना वेगळं करत बसलेय,
एकच साल, एकच आद्याक्षर.
एकाला २००९अ केलं, दुसऱ्याला ब.
ब-ला वाईट वाटेल का?

आडनाव आधी, असा नियम आहे.
असंच विचारलं होतं पंचवटीत उपाध्यायांनी,
बाबांचं कार्य उरकून ओल्या पायांनी उभी होते तेव्हा :
आडनाव? गाव?
आणि लांबट चोपडी उलगडून बोट ठेवलं नेमकं
पणजोबांच्या अंगठ्यावर.
शके १८४३. मुक्काम कळवण. सोबत बंधू दोन.
पृष्ठक्रमांक होता.

माझ्या यादीत बेचाळीस नोंदी.
त्यांतल्या एकातही नसलेलं एक वाक्य पान चारवर आहे :
गोडी छाटणीनंतर भुरी पहिल्यांदा दिसते
ती बांधाकडच्या ओळीत, सावलीच्या अंगाला.
हे मला पिंपळगावात यमुनाबाई गांगुर्डेंनी दाखवलं,
पान उलटं करून, उन्हाकडे तिरपं धरून.
नियम म्हणतो, वैयक्तिक संवाद यादीत घेऊ नये.
मजकुरातच, कंसात. आडनाव, आद्याक्षरं, तारीख.

दुसरं आद्याक्षर मला ठाऊक नव्हतं.
सकाळी सहाला फोन लावला. त्या डबा भरत होत्या.
"नवऱ्याचं का बापाचं? कशाला, रेशनकार्डाला?"
म्हटलं, भुरीचं तुम्ही सांगितलं ना, ते छापून येतंय.
जरा वेळ नुसता झाकणाचा आवाज.
"ते माझं नाही वो ताई. आईनं दाखवलं मला,
मी एवढीशी होते, दोडक्याच्या वेलावर.
द्राक्षं तर मागून आली."
आईचं नाव?
"ठकूबाई." मग थांबून,
"आडनाव कोणतं लिहिता, माहेरचं का सासरचं?"

मला सांगता आलं नाही.
खाली दूधवाल्याची मोटारसायकल चालूच ठेवलेली,
कंसात कर्सर मिचमिचतोय.
साल नाही. खंड नाही. पान, दोडक्याचं.
लिहिलं तसंच :
ठकूबाई, यमुनाबाईंनी सांगितल्यानुसार.
संपादक काढायला लावतील.
लावू देत. मी उलट टपाली विचारेन,
पूर्णविराम कंसाच्या आत द्यायचा की बाहेर.