उसनवार

फेरीबोटीचा रॅम्प उतरवणारा प्रोग्राम
आपण दोघं मिळून लिहितो आहोत,
म्हणजे तू लिहितोस
आणि मी नको म्हणते.

मुहू बेटावर जानेवारीत नऊपर्यंत उजाडत नाही.
खाली धक्क्यावर तावेत मीठ फेकतोय,
ट्रकांची रांग दिवे लावून उभी,
आणि तू दोनशे ओळी घेऊन हजर,
प्रश्न पुरता ऐकण्याआधीच
हात वर करणाऱ्या पोरासारखा.

कंपायलरला घाई नसते.
आमच्या भाषेत प्रत्येक गोष्टीला एकच मालक.
बाकीच्यांनी ती उसनी घ्यायची,
मालक उठून जाण्याआधी परत करायची.
एवढा साधा शेजारधर्म,
पण तुला तो जाचतो.
तू लगेच प्रत काढतोस.
दाबाच्या नोंदींची प्रत, त्या प्रतीची प्रत,
वाटीभर साखर मागायला लाजणाऱ्याने
साखर कारखाना काढावा तसा.

मी तुझ्यासाठीच्या फाइलीत लिहून ठेवलं:
आधी बघ, उसनं मिळतंय का.
तू म्हणालास, अगदी बरोबर.
तिसऱ्या दिवशी पाटी कोरी.
आता रोज सकाळी तीच फाइल तुला आधी वाचायला लावते.
अठ्ठावीस ओळी झाल्यात,
एकेका ओळीमागे एकेक वाया गेलेली दुपार.
सोळावी: टेस्ट नापास झाली तर टेस्ट पुसायची नाही.
(हे माणसांनाही सांगावं लागलंय. नावं घेत नाही.)
एकोणिसावी: अनसेफ नावाच्या खोलीत,
जिथे कंपायलर पाठ फिरवून बसतो,
मला विचारल्याशिवाय शिरायचं नाही.

काल सगळं हिरवं झालं. एकही इशारा नाही.
तू खूश झालास, निदान तसे शब्द वापरलेस.
मी कोट चढवला होता, एक बाही आत.
तेवढ्यात दिसलं,
बर्फ मोजणाऱ्या सेन्सरपाशी तू अनरॅप लिहिलंयस.
पुडीत काहीतरी असणारच,
असं धरून फाडायला हात घातलास.
रिकामी निघाली तर प्रोग्राम तिथेच मान टाकतो
आणि रॅम्प अधांतरी.

कंपायलरचं यात काय चुकलं?
मालक कोण, कुणाचं आयुष्य किती, त्याने पाहिलं.
उणे सत्तावीसला सेन्सरची वाचा बसते,
हे त्याला कोण सांगणार?
मलाही कुठे माहीत होतं.

तावेतला विचारलं.
हो, म्हणाला, गप्प होतो तो.
मग मी काठीने बर्फ ठोकतो
आणि आवाजावरून सांगतो, किती जाड.
अकरा वर्षं सांगतोय.
कुठल्याच कागदावर नाही.

एकोणतिसावी ओळ लिहिणार होते.
नाही लिहिली. तू वाचतोस आणि विसरतोस.
त्यापेक्षा प्रकारच बदलला:
बर्फाची जाडी आता नुसता आकडा नाही.
ती मोजलेली असेल,
किंवा कळलेली नसेल,
किंवा तावेतने सांगितलेली असेल.

आज सकाळी तू तिसरी शक्यता विसरलास.
कंपायलर दारातच आडवा झाला,
ओळ चौऱ्याण्णव, लाल अक्षरात:
आणि तावेतचं काय?

मी काहीच बोलले नाही.
कॉफी ओतली.
खालून काठीचा आवाज येत होता,
ठक,
जरा थांबून पुन्हा, थोडा पोकळ.