निळी खूण

गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर
म्हशीची धार बघत बघत
मी फोनचं विमान चालू करतो.
उडत काहीच नाही,
फक्त रेंज जाते.

आता इंद्रजितचा मेसेज उघडता येतो.
सात महिन्यांनी आलाय.
"लेथ विकतोय. तुझा हात बसलाय तिच्यावर,
म्हणून आधी तुला विचारलं."
खाली, वेगळ्या ओळीत:
"जेवलास काय?"

उद्यमनगरात भागीदारी मोडली त्या दुपारी
हिशेबाच्या वहीवरच त्यानं डबा ठेवला होता.
दोघांचा.
मी झाकणालाही हात न लावता उठलो.

वाचतो. परत वाचतो.
त्याच्याकडं अजून दोन करड्या खुणाच,
माझ्या दारात काढलेल्या
चपलांच्या जोडासारख्या.
अनवाणी उभा असेल.
असू दे उभा.

ग्लास संपतो. ओठावर फेस.
खिसे चाचपतो, सुट्टे नाहीत.
"स्कॅन करा की, मालक,"
म्हशीच्या पाठीवर थाप मारत दूधवाला म्हणतो.
मागं चारजण थांबलेले.

काय करणार,
विमान उतरवलं.

दुधाचे चाळीस रुपये पोचले.
त्यांच्या मागोमाग
तेही पोचलं असणार.

आता घरी जाईपर्यंत
फोन खिशात उलटा.
आणि मी जेवलो नव्हतो.