सतराचा गजगा

दसऱ्याची सुट्टी लागली की तोंडवळीच्या
वेशीवरचं काटेरी कुंपण आमचं व्हायचं.
शेंगा फाकलेल्या, आत दोन-दोन गजगे,
चुलीतल्या राखेच्या रंगाचे.
हात ओरबाडून निघायचे. आई विचारायची,
“मांजर पाळलंस की काय?”

नियम सोपा.
एकाने आपला जांभ्याच्या पायरीवर ठेवायचा,
दुसऱ्याने आपल्याने वरून हाणायचा.
फुटला तो मेला.
उरला त्याच्या खात्यात मेलेल्याचेही मेलेले.
आणि हरणाऱ्याला चटका:
गजगा पायरीवर खसाखसा घासून
मनगटावर टेकवायचा.

माझा सतराचा होता.
बावतीसकडून घेतलेला,
दोन गळ आणि एक अख्खी पेन्सिल देऊन.
त्याने खाल्ला गुणाजीचा,
मुणगेकरांच्या जुळ्यांचे पाच,
आणि द्रौपदीचा, जो तिने आठवडाभर
मिठाच्या मडक्यात पुरून ठेवला होता.

मग एका दुपारी शाळेच्या विहिरीवर
पोहरा ओढताना
तो खिशातून निसटला.

आम्ही सगळे काठावर ओणवे.
गजगा पाण्यावर तरंगतो,
हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
भरतीच्या रेघेवर तर रोज सापडतात,
कुठल्या मुलखातून तरंगत आलेले.

माझा गेला.
सरळ खाली.

द्रौपदीने माझ्याकडे पाहिलं,
मी बावतीसकडे.
बावतीस पाण्यात बघत राहिला
आणि बऱ्याच वेळाने म्हणाला,
“जड झालो तो.
सतरा जणांचो जीव आसा पोटात.”

गुणाजीने डोक्यावरची टोपी काढली.
खरंच काढली.

बावतीस आता वास्कोला क्रेन चालवतो.
नाताळात फोन येतो.
पोरांचं बोलतो, गुडघ्याचं बोलतो, बांगड्याच्या भावाचं.
मी विचारत नाही.

यंदा मे महिन्यात ती विहीर उपसली.
गाळाच्या पाट्या काठावर पडत होत्या
आणि मी, दोन मुलींचा बाप,
चपलेच्या टोकाने गाळ चाळत होतो.
राखेच्या रंगाचे गोटे पुष्कळ निघाले.
एक उचलला, धोतराला पुसावा तसा
पँटीला पुसला,
पायरीवर घासला,
मनगटाला लावला.

बसला चटका.

दगडाचाही बसतो म्हणा.