नवतपा, रात्री दोन

नवतपाचा चौथा दिवस. रात्री दोनला
अमरावती रोडवरचं डांबर अजून मऊ,
आणि तळघरात आमचा चिलर
उकाड्यात कूस बदलणाऱ्या माणसासारखा कण्हतो.

काचेच्या डबीत, पापणीच्या केसाहून बारीक
एक ढग. पोटॅशियम आणि रुबिडियम,
जेमतेम दिसणाऱ्या लाल उजेडाने
सहा बाजूंनी अडवून अडवून थकवलेले,
इतके, की आता त्यांना कुठे जायचंच नाही.

बाबांना एकदा आणलं होतं इथे.
जागनाथ बुधवारीत त्यांचं दुकान, शालिक रिवाइंडिंग वर्क्स.
उन्हाळ्यात दिवसाला अकरा मोटारी, सगळ्या कूलरच्या, जळक्या.
लेझरकडे ढुंकूनही बघेनात. कॉइलपाशी उकिडवे बसले,
पोकळ तांब्याचे वेढे बोटाने मोजत गेले.
"थोडीक ढिली हाय इथं. कोनं बांधली?"
मी.
"अन् कितीक थंड होते हे?"
सांगितलं, शून्य आणि ह्याच्यामधे
एका अंशाचा कोट्यंश उरतो.
"मंग कूलरले लाव ना, बाप्पा."

त्याच कॉइलमधला करंट आता उतरवते, हळू.
पाचशे सेहेचाळीस गॉसच्या आसपास
दोन अणू एकमेकांना धरतात. धरतात म्हणजे
करंगळीत करंगळी, इतकंच.
कुणी खोकलं तरी सुटावी.
मग दोन लेझर, तेही उलट्या क्रमाने,
दुसरा आधी, पहिला नंतर,
म्हणजे मधल्या जळत्या पायरीवर पाय न टेकता
रेणू थेट तळाला उतरतो. गार. घट्ट.

दिसत मात्र नाही.
आमच्या उजेडाला अणूच तेवढे ओळखू येतात.
म्हणून जुळले का, हे बघायला
आलेल्या वाटेनेच त्यांना परत वर न्यायचं,
सैल करायचं, सोडवायचं,
आणि सुटलेल्यांची सावली टिपायची.

पडद्यावर पुसट काळा डाग. चार हजारांवर.
एवढे जुळले होते.

होते.

बाबाही तेच करतात. जळक्या मोटारीचे
वेढे किती, ते कापून काढल्याशिवाय कळत नाही.
कापतात, जुन्या वहीत आकडा लिहितात,
मग नवी तार.

दोन चाळीसला लाईन गेली.
ढग कुठे गेला, विचारण्यात अर्थ नाही.
पंखा थांबेथांबेस्तोवर घाम फुटला.
अंधारात कॉइलवरून हात फिरवला,
डावीकडून सातवा वेढा, ते म्हणाले होते तिथेच.

ढिली आहे.