सावलीची बाजू

दर महिन्याच्या यादीत
तूरडाळ आणि धुण्याच्या साबणाच्या मधे
बाबा लिहायचे: मलम, एक ट्यूब.
सनस्क्रीन हा शब्द दुकानदाराचा, आमच्या घरात मलमच.
बाकी सगळ्यापुढे किंमत असे, त्याच्यापुढे नाही.
मला ती कळली फार उशिरा,
त्यांची तीच चप्पल चौथ्यांदा शिवून आली तेव्हा.

दोन बोटांवर दोन पांढऱ्या रेघा,
एवढं चेहऱ्याला आणि मानेला.
कान विसरायचे नाहीत.
वेणी घातली की मागची मान उघडी पडते, ती.
भांग.
चप्पल घातली तर पावलं.
आई हे परवचा म्हणावा तसं म्हणायची
आणि बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं
घड्याळाखाली उभी करायची मला.
शाळेच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे
त्या वीस मिनिटांची लाल शाई.

छावणीतली पोरं मला सूरजमुखी म्हणत.
पांढरे केस, पांढऱ्या पापण्या,
बुबुळं एका जागी न ठरणारी.
डॉक्टर म्हणाले होते, जन्मतःच रंग नाही,
आता यायचाही नाही.
पोरांना आपणच केलेला विनोद कळला नव्हता:
ते फूल दिवसभर त्याच्याकडे तोंड करून,
आणि मी पाठ करून.

पाठ करता करता
पाठच झालं मला ग्वाल्हेरचं ऊन.
सराफ्यातून बाड्याकडे जाताना दहाला डावी बाजू,
साडेतीननंतर उजवी.
टपाल कचेरीच्या खांबांआड थोडा दम.
दौलतगंजात ताडपत्र्या एकमेकींना टेकलेल्या,
तिथे छत्री मिटली तरी चालते.
किल्ल्यावर बाराला जायचं नाही.
तिथला दगड खालून भाजतो,
छत्रीला फक्त वरचं ऊन कळतं.
आणि मळभाला भुलायचं नाही.
एकदा भुलले, पौषात, मेळ्यात,
अंगाला ऊबसुद्धा लागली नव्हती,
रात्री नाक तांबडंलाल
आणि चौथ्या दिवशी सोलून निघालं
उकडलेल्या बटाट्यासारखं.

आता मी विजेची बिलं घेते,
खिडकीत, भिंग लावून.
परवा भिंडकडची एक बाई आली,
कडेवर चार वर्षांची पोर,
भर मे महिन्यात गोधडीत गुंडाळलेली.
उन्हासाठी नव्हे, लोकांसाठी.
गोधडीतून एक पांढरी बट बाहेर.

मी जुन्या बिलाच्या मागे लिहून दिलं:
सुती कपडे, बाह्या मनगटापर्यंत.
रुंद काठाची टोपी. काळा चष्मा.
मलम, दर दोन तासांनी पुन्हा,
घाम आला तर त्याआधीच.
‘ठीक हो जाएगी?’ तिनं विचारलं.
ठीकच आहे ती, मी म्हटलं,
नंतर कळलं की मराठीत म्हटलं.
पोरीनं काचेला नाक लावलं,
माझ्याकडे पाहिलं, माझ्या केसांकडे,
मग स्वतःची बट ओढून
अगदी डोळ्यांजवळ धरली,
मी भिंगाखाली आकडे धरते तशी.
रांगेतून कुणी ओरडलं, मॅडम, लंच हो जाएगा.

हिवाळ्यात अजून गच्चीवर मटार सोलतो आम्ही.
सगळं लष्कर तेव्हा उन्हात पाय पसरून असतं.
आमच्या वाट्याला पाण्याच्या टाकीची सावली.
ती सरकते तशी आई परात सरकवते,
बाबा पेपर,
दादा स्वतःला,
गार फरशीवर पाय आखडून
सगळे एकेक वीत पुढे.
यावर आजवर कुणी काही बोललेलं नाही.

वहिनी नवी होती तेव्हा
पहिल्या दिवशी पलीकडे उन्हात बसली, एकटीच,
आणि म्हणाली, या ना इकडे, किती छान आहे.
दुसऱ्या दिवशी चार शाली घेऊन आली,
टाकीच्या बाजूला.