बावीस मिलिमीटर

मॅचच्या तीन दिवस आधी पाहुण्यांचा कोच
मैदानावर एकटाच चालला, अनवाणी, मोजे हातात घेऊन.
मला म्हणाला, बावीस.
बावीस मिलिमीटर, आणि मधल्या सुट्टीत पाणी.
मी मान हलवली.
मस्कतला बारा वर्षं काढल्यावर कळतं,
मान हलवणं म्हणजे ऐकलं, एवढंच.

संध्याकाळी आमचा साहेब आला, खल्फान रवाही,
डिशदाशा गुडघ्याशी धरून मशीनवर टेकला.
माझ्या सर्जेरावाचा तो सर्गी करतो.
"त्यांचा चेंडू फार पळतो, सर्गी. पळू देऊ नकोस.
तीस ठेव. आणि नळ बंद."

फळ्यावर खडू टेकायच्या आधी
पहिली चाल खेळली जाते ती अशी,
ब्लेडच्या उंचीवर.

रात्री साडेआठ. बोगद्याच्या तोंडाशी
शाजी, टेकबहादूर आणि मी, उलट्या बादल्यांवर.
बाउशरचा डोंगर दिवसभर प्यालेलं ऊन
आता अंगावर सोडत होता.
पाहुणे त्रिकोण मांडायचे, मोडायचे,
दोन पावलं सरकून तोच पुन्हा मांडायचे.
त्यांचा नऊ नंबर पुढे थांबेचना,
खाली उतरायचा, अगदी मधल्या वर्तुळापर्यंत,
आणि आमच्या स्टॉपरला कोडं:
ह्याच्यामागे जाऊ, का घर राखू?

चौदा वर्षं मीही स्टॉपर होतो, कोल्हापुरात, पेठेच्या टीमला.
गवत नव्हतंच तेव्हा. तांबडी माती, आणि गुडघे मातीच्याच रंगाचे.
वस्ताद सांगायचे,
दार उघडं ठेव रे, पण उंबऱ्यावर बस.

आमचा स्टॉपर गेला नाही.
पाच एका ओळीत, चार त्यांच्यापुढे,
मधे जेमतेम एक सतरंजी मावेल.
उजवी बाजू मुद्दाम मोकळी.
त्यांचा विंगर त्या उघड्या दारातून आला तसा
तिघांनी त्याला रेषेशी दाबला.
रेषा चौथी.

आणि माझं गवत!
पास निघायचा तरणाबांड,
पोचेपर्यंत म्हातारा.
टेकबहादूरने माझ्या पाठीत धपाटा घातला.

अर्ध्या तासाने त्यांच्या कोचने दोन बोटं वर केली
आणि त्यांनी जमीन सोडून दिली.
चेंडू आता डोक्यांवरून, तिरका, या काठावरून त्या काठावर.
आमचे नऊ जण एका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे
एकदम हलायचे, एकदम थांबायचे.
दोरी तुटत आली होती.
खल्फान तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता,
दुवा असेल, नाहीतर शिवी.

एकाहत्तरावं मिनिट. त्यांचा कॉर्नर.
सगळे आमच्या डीत, त्यांचा गोलकीपरसुद्धा अर्ध्या मैदानात.
आमच्या गोलीने चेंडू हवेतच वेचला आणि फेकला
हारिबच्या पुढ्यात.
हारिब सूरचा, वीस वर्षांचा, समोर साठ मीटर कुणी नाही.
गोलकीपर उलटा धावत होता.
हारिबने चेंडू पुढे ढकलला, आणि धावला.
हिशेब अचूक होता त्याचा,
बावीसच्या मैदानावर.

चेंडू थांबला.
हारिब त्याच्या दोन पावलं पुढे निघून गेला
आणि वळेपर्यंत मधे कुणाचातरी बूट आला.

शून्य-शून्य.
"चांगलं गवत, सर्गी," खल्फान म्हणाला,
"एक पॉइंट मिळाला."
मी मान हलवली.

पहाटे पाचला गेलो. कालचा खेळ गवतात वाचता येतो.
आमच्या डीसमोर टक्कल पडलेलं, पाय रोवून रोवून.
उजव्या रेषेला लांबलचक ओरखडे,
त्या उघड्या दाराचे.
पण चेंडू थांबला तिथे काहीही नव्हतं,
एक पातंही मोडलेलं नाही.
गुडघ्यावर बसून मोजलं.
एकतीस.

"काय मोजतोस?" शाजीने पाइप ओढत विचारलं.
दव, मी म्हणालो.